हात हवेत, मत नको
अमेरिकेतील लॅटिनो मतदार आणि स्थलांतराचे राजकारण



अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर दहा वर्षांनी शिरगणती होते. तेथील राज्यघटनेनुसार ही गणती केवळ नागरिकांची नसते, देशात राहणाऱ्या सर्व माणसांची असते. आणि प्रतिनिधिगृहातील जागांचे राज्यवार वाटप याच आकड्यावर होते. २०२० च्या गणतीत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक, ६ कोटी २१ लाख भरले. पाच अमेरिकनांत जवळजवळ एक. त्याच वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. मतदानास पात्र असे लॅटिनो होते सुमारे ३ कोटी २३ लाख आणि प्रत्यक्ष मत दिले ते सुमारे १ कोटी ६५ लाखांनी. म्हणजे गणतीतील चार माणसांमागे मतपेटीपर्यंत पोहोचले एक किंवा फार तर त्याहून किंचित अधिक.

ही गळती कोठे होते? काही अल्पवयीन आहेत, ते उद्याचे मतदार होत. काही परदेशी नागरिक आहेत, त्यांतील कित्येकांपाशी राहण्याचा परवानाही नाही. आणि जे पात्र आहेत त्यांतील निम्म्याच्या आसपास लोक मतदानाला जात नाहीत. पहिले कारण निसर्गाचे आहे. दुसरे आणि तिसरे मात्र कायद्याने आणि अर्थव्यवस्थेने घडविलेले आहे. स्थलांतराचे धोरण हा सीमेवरील पहाऱ्याचा विषय आहे असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः कोणाचे श्रम घ्यावयाचे आणि कोणाला मत द्यावयाचे, याची विभागणी करणारे ते धोरण आहे. या दृष्टीने पाहिले म्हणजे लॅटिनो मतदारांच्या वर्तनातील अनेक कोडी उलगडू लागतात.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की ‘लॅटिनो’ हा एक समाज नव्हे. १८४८ च्या ग्वादालूप इदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा उत्तरेकडील विस्तीर्ण प्रदेश अमेरिकेने घेतला. आधीच गेलेला टेक्सास धरला तर मेक्सिकोने निम्म्याहून अधिक भूमी गमावली. कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको, ॲरिझोना येथील मेक्सिकन माणूस तेव्हा जागचा हललाही नव्हता. हलली ती सीमा. तहाने त्यांना नागरिकत्वाचे आश्वासन दिले. परंतु टेक्साससारख्या राज्यात १९०२ नंतर मतदानासाठी कर भरावा लागे, आणि पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका केवळ गोऱ्यांपुरत्या राखून ठेवण्याची प्रथा १९४४ पर्यंत न्यायालयाने मोडून काढली नव्हती. पोर्तो रिकोच्या रहिवाशांना १९१७ मध्ये नागरिकत्व मिळाले; पण बेटावर राहणाऱ्यास अध्यक्षाच्या निवडणुकीत आजही मत नाही, तोच माणूस न्यूयॉर्कला येऊन राहिला की त्याला मत मिळते. कास्ट्रोच्या क्यूबातून आलेल्यांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा करून कायम वास्तव्याची वाट मोकळी करण्यात आली. एकच भाषा बोलणारे तीन समूह, आणि तिघांशी राज्यसंस्थेचे वर्तन तीन प्रकारचे. मग फ्लॉरिडातील क्यूबन, न्यूयॉर्कमधील पोर्तो रिकन आणि कॅलिफोर्नियातील मेक्सिकन यांनी एकगठ्ठा मतदान करावे ही अपेक्षाच मुळी चुकीची ठरते.

आता श्रमाच्या प्रश्नाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील शेतांवर मजुरांची टंचाई निर्माण झाली, तेव्हा १९४२ मध्ये मेक्सिकोशी करार करून तात्पुरते मजूर आणण्यास आरंभ झाला. त्यांना ‘ब्रासेरो’ म्हणत. स्पॅनिश भाषेत ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. या नावातच योजनेचे सारे तत्त्वज्ञान आले : बाहू हवे होते, त्यांना जोडलेला माणूस नको होता. युद्ध संपले तरी योजना संपली नाही. १९६४ पर्यंत बावीस वर्षांत पंचेचाळीस लाखांहून अधिक करार झाले. मजूर ज्या मळेवाल्याशी बांधलेला, त्याला सोडून दुसरीकडे जाण्याची त्याला मुभा नसे. आरंभीच्या वर्षांत मजुरीतील दहा टक्के रक्कम बचतीच्या नावाखाली कापून घेतली जाई. ती पुष्कळांना कधीच मिळाली नाही. याच काळात, १९५४ मध्ये, सरकारने परवाना नसलेल्या मेक्सिकनांना हाकलण्याची प्रचंड मोहीम काढली. एका दाराने हाकलणे आणि दुसऱ्या दाराने करारावर आणणे, हे दोन्ही एकाच वेळी चालू होते. यात विसंगती नव्हती. एरवी मजुरीचा दर मागणी, पुरवठा आणि संघटनेचे बळ यांवर ठरतो. येथे त्यात आणखी एक घटक मिसळला गेला : हद्दपारीचे भय. ज्या श्रमिकाला मालक बदलता येत नाही, संप करता येत नाही आणि मतही देता येत नाही, त्याच्या श्रमाची किंमत बाजार ठरवीत नाही, कायदा ठरवितो.

याची उलट बाजूही इतिहासाने दाखविली आहे. ब्रासेरो योजना १९६४ च्या अखेरीस बंद झाली आणि १९६५ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातील डेलानो येथे द्राक्षमळ्यांवरील संप सुरू झाला. लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखालील फिलिपिनो मजुरांनी तो पुकारला. सेझार चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्टा यांच्या मेक्सिकन मजूर संघटनेने त्यांना साथ दिली. पाच वर्षांच्या लढ्यानंतर आणि देशव्यापी द्राक्ष-बहिष्कारानंतर १९७० मध्ये मळेवाल्यांना करार करावे लागले. १९३५ च्या राष्ट्रीय कामगार कायद्याने शेतमजुरांना संघटनेच्या हक्कातून वगळले होते. कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये तो हक्क त्यांना आपल्या कायद्याने दिला. हद्दपारीची टांगती तलवार थोडी दूर होताच संघटना उभी राहिली, हा योगायोग नव्हे.

तथापि १९६५ च्याच वर्षी आणखी एक कायदा झाला. वंशावर आधारलेली जुनी कोटा पद्धत त्याने मोडली, आणि त्यामुळेच भारतातील, पर्यायाने महाराष्ट्रातील, डॉक्टर-इंजिनिअरांना अमेरिकेचे दार उघडले. हा कायदा पुरोगामी म्हणून योग्यच गौरविला गेला. पण त्याने प्रथमच पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर संख्येची मर्यादा घातली, आणि १९७६ मध्ये प्रत्येक देशाला वर्षाला वीस हजार ही मर्यादा मेक्सिकोलाही लागू झाली. ज्या शेजारी देशातून १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वर्षाला साडेचार लाखांपर्यंत मजूर करारावर येत होते, त्याला आता दूरच्या एखाद्या छोट्या देशाइतकाच वाटा मिळाला. मळ्यांना लागणारे हात तेवढेच राहिले. फक्त त्यांचे येणे बेकायदा ठरले. देशवार मर्यादेचे हेच तत्त्व आज न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी वर्षानुवर्षे खोळंबलेल्या मराठी कुटुंबांनाही जाचते आहे. रांग वेगळी आहे, नियम एकच आहे.

या बेकायदेशीरपणावर १९८६ मध्ये तोडगा काढण्यात आला. रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने सुमारे सत्तावीस लाख लोकांना कायदेशीर दर्जा दिला आणि त्याबरोबरच परवाना नसलेल्यास कामावर ठेवणाऱ्या मालकाला शिक्षेची तरतूद केली. अमेरिकेच्या प्रमुख कामगार महासंघाने या तरतुदीला पाठिंबा दिला होता. त्यामागील विचार समजण्यासारखा होता : स्वस्त मजुराचा ओघ थांबला तर येथील मजुरी वाढेल. चावेझ यांच्या संघटनेनेही १९७० च्या दशकात संप फोडण्यासाठी आणलेल्या बिनपरवाना मजुरांविरुद्ध मोहीम चालविली होती. अनुभव मात्र निराळा आला. मालकांना क्वचितच शिक्षा झाली. उलट कोणी संघटनेचे नाव काढताच कागदपत्रे तपासण्याची धमकी देण्याचे हत्यार त्यांना मिळाले. २००० मध्ये त्याच महासंघाने आपली भूमिका बदलली आणि बिनपरवाना श्रमिकांना कायदेशीर दर्जा द्यावा अशी मागणी केली. कामगार चळवळीला हे कळावयास चौदा वर्षे लागली. सर्वांत दुर्बळ श्रमिकाला कायद्याबाहेर ठेवून बाकीच्यांची मजुरी वाढत नाही. ती त्याच्या पातळीकडे ओढली जाते.

दरम्यान १९९४ साल उजाडले. १ जानेवारीला उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार अमलात आला. सरकारी साहाय्यावर पिकविलेला अमेरिकेचा स्वस्त मका मेक्सिकोत शिरला आणि लाखो लहान शेतकऱ्यांची शेती तोट्यात गेली. गदर चळवळीतून परागंदा झालेले वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे १९२० च्या दशकात मेक्सिकोत स्थायिक झाले होते आणि तेथे याच छोट्या शेतकऱ्यासाठी मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी संशोधन केले होते. त्या शेतकऱ्याची नातवंडे आता उत्तरेची वाट धरू लागली. त्याच वर्षी सॅन दिएगोजवळ सीमेवर कडेकोट पहारा बसविण्यात आला. भांडवलाला आणि मालाला दार मोकळे, श्रमाला भिंत. डग्लस मॅसी या समाजशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे की पहारा वाढल्याने येणारे थांबले नाहीत, परतणारे थांबले. पूर्वी हंगामापुरता येणारा पुरुष आता पुन्हा सीमा ओलांडण्याचा धोका नको म्हणून तेथेच राहिला आणि त्याने बायकामुलांना बोलावून घेतले. बिनपरवाना रहिवाशांची संख्या १९९० मध्ये सुमारे पस्तीस लाख होती, ती २००७ पर्यंत सुमारे एक कोटी बावीस लाखांवर गेली.

१९९४ चीच तिसरी घटना कॅलिफोर्नियातील. राज्यात मंदी होती, गव्हर्नर पीट विल्सन यांची फेरनिवडणूक कठीण दिसत होती. बिनपरवाना स्थलांतरितांना सरकारी शाळा आणि तातडीची नसलेली वैद्यकीय सेवा नाकारणारा ‘प्रस्ताव १८७’ मतदारांपुढे आला; विल्सन यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. प्रस्तावाला सुमारे एकोणसाठ टक्के मते पडली, विल्सनही निवडून आले. न्यायालयाने प्रस्ताव रोखला तो कधीच अमलात आला नाही. पण त्याचा परिणाम दूरवर झाला. १९८६ च्या कायद्याने ज्यांना दर्जा मिळाला होता, ते नेमके याच सुमारास नागरिकत्वास पात्र होऊ लागले होते. वर्षानुवर्षे जे अर्ज करीत नव्हते त्यांनी आता रांगा लावल्या. १९९६ या एका वर्षात देशभरात दहा लाखांहून अधिक लोकांना नागरिकत्व मिळाले. लॉस एंजलिसमध्ये इमारतींची झाडलोट करणाऱ्या कामगारांच्या संघटना १९९० पासून लढत होत्या. त्यांनी आणि तेथील कामगार महासंघाने या नव्या नागरिकांना घरोघर जाऊन मतदार केले. प्रस्ताव १८७ च्या संतापातून राजकारणात आलेला ॲलेक्स पडिया हा तरुण इंजिनिअर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाचा पहिला लॅटिनो सिनेटर झाला.

या उदाहरणावरून एक सोपा सिद्धांत काढण्यात आला : दडपशाही केली की लॅटिनो मतदार जागा होतो आणि डेमोक्रॅटिक पक्षाकडे जातो. हा सिद्धांत अपुरा आहे. कॅलिफोर्नियात तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. भय होते, ते तर सर्वत्र असते. नागरिकत्वाची वाट मोकळी होती, ती १९८६ च्या कायद्याने करून ठेवली होती. आणि भयाला मतात रूपांतरित करणारी संघटना होती. पुढे यांतील दुसरी गोष्ट कधीच लाभली नाही आणि तिसरी फार थोड्या ठिकाणी लाभली.

२००६ मध्ये हे स्पष्ट दिसले. परवान्याविना राहणे हाच गंभीर गुन्हा ठरविणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने २००५ च्या डिसेंबरात संमत केले, तेव्हा पुढच्या वसंतात लक्षावधी लोक रस्त्यावर आले. १ मे रोजी त्यांनी काम बंद ठेवले. ज्या शिकागोतील १८८६ च्या लढ्यातून जगाला कामगारदिन मिळाला, त्याच देशाने तो विसरून टाकला होता. तो पुन्हा जागविला तो स्वयंपाकघरांत, कसाईखान्यांत आणि मळ्यांत राबणाऱ्या स्थलांतरितांनी. विधेयक बारगळले. आज मोर्चा, उद्या मतदान, असे ते म्हणत होते. परंतु मोर्चातील पुष्कळांना मत नव्हतेच आणि ते मिळण्याचा मार्गही नव्हता. २०१३ मध्ये नागरिकत्वाची वाट दाखविणारे विधेयक सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केले. प्रतिनिधिगृहाने ते चर्चेलाही घेतले नाही. लहानपणी आईबापांबरोबर आलेल्या तरुणांना ओबामांनी २०१२ मध्ये तात्पुरते संरक्षण दिले खरे, पण त्यांच्याच आठ वर्षांच्या कारकीर्दीत हद्दपारीचे आकडे तीस लाखांच्या आसपास गेले. एका पक्षाने धमकी दिली, दुसऱ्याने आश्वासन दिले. आश्वासनाची मुदत मात्र दर निवडणुकीला वाढत गेली.

जे पात्र आहेत ते तरी मत का देत नाहीत? २०२० मध्ये गोऱ्या मतदारांपैकी सुमारे एकाहत्तर टक्के लोकांनी मत दिले, लॅटिनोंपैकी सुमारे चौपन्न टक्क्यांनी. हा मतदारवर्ग तरुण आहे, कष्टकरी आहे, भाड्याच्या घरात राहून पत्ते बदलणारा आहे. आणि मतदारयादीत नाव नोंदविणे ही तेथे सरकारची नव्हे, बहुतांशी नागरिकाची जबाबदारी आहे. विली वेलास्केझ यांनी १९७४ मध्ये सॅन अँटोनियोत नोंदणीची संघटना काढली, १९७५ मध्ये मताधिकार कायद्याने स्पॅनिश भाषेत मतपत्रिका देणे अनेक ठिकाणी बंधनकारक केले, तेव्हा हे अडथळे काहीसे दूर झाले. पण टेक्साससारख्या राज्याने निवडणूक नियम बदलण्यापूर्वी केंद्राची संमती घ्यावी ही त्याच कायद्यातील अट २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्प्रभ केली. नागरिकत्वाच्या अर्जाचे शुल्क १९९० च्या दशकाच्या मध्याला ९५ डॉलर होते, २०२४ मध्ये कागदी अर्जासाठी ते ७६० डॉलर झाले. मतदानावरील कर गेला, नागरिकत्वावरील कर आला, असे कोणी म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे. शिवाय चाळीस लाखांहून अधिक अमेरिकन मुले अशा घरांत वाढत आहेत जेथे आई वा बाप बिनपरवाना आहे. सरकारी कागदावर पत्ता लिहावयाला जे घर कचरते, त्या घरात लोकशाहीचे पहिले धडे कसे मिळावेत?

या पार्श्वभूमीवर २०२४ चा निकाल पाहिला पाहिजे. टेक्सासच्या दक्षिण सीमेवरील स्टार परगण्यात शंभरांतील सत्त्याण्णव माणसे लॅटिनो आहेत. २०१२ मध्ये तेथे ओबामांना सुमारे ८६ टक्के मते होती. २०२४ मध्ये ट्रम्प सुमारे ५८ टक्के मते घेऊन जिंकले. १८९२ नंतर प्रथमच तेथे रिपब्लिकन उमेदवाराला बहुमत मिळाले. देशभरातील लॅटिनो मतांपैकीही चाळीस टक्क्यांहून बरीच अधिक मते त्यांना मिळाली. ॲरिझोनात २०१० चा कुप्रसिद्ध पोलिसी कायदा आणि त्याविरुद्धचे दशकभराचे संघटन यांनंतर २०२० मध्ये डेमोक्रॅट जिंकले होते. २०२४ मध्ये तेही राज्य गेले.

याला विश्वासघात म्हणणारे पुष्कळ निघाले. तसे म्हणणे म्हणजे या मतदारांना आपल्या दावणीची जनावरे समजणे होय. अंडी महागली होती, घरभाडे वाढले होते, पगार पुरत नव्हता. हे प्रश्न लॅटिनो मजुराला इतर कोणाहीपेक्षा कमी बोचत नाहीत. सीमेवरील परगण्यांत तेल कंपन्या आणि खुद्द सीमा पोलीस दलच मोठे रोजगारदाते आहेत. आणि ज्याने दहा-पंधरा वर्षे रांगेत काढून परवाना मिळविला, त्याला रांगेबाहेरून आलेला आपला प्रतिस्पर्धी आहे असे पटवून देणे कठीण नसते. श्रमिकांचे परवानाधारक आणि बिनपरवाना असे दोन थर करणाऱ्या धोरणाचे हेच सर्वांत मोठे यश आहे : वरच्या थराला खालच्या थराविरुद्ध मत देण्याचे कारण ते पुरविते. जेथे संघटना या दोन थरांना एकत्र बसविते तेथे हे भांडण मिटते. जेथे ती नसते तेथे निवडणुकीच्या जाहिरातींचे राज्य चालते.

पुढचा अध्याय लगेच सुरू झाला. २० जानेवारी २०२५ रोजी, सत्तेवर येताच, ट्रम्प यांनी बिनपरवाना किंवा तात्पुरत्या परवान्यावरील आईबापांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचे नागरिकत्व नाकारणारा हुकूम काढला. १८९८ पासून प्रस्थापित असलेल्या न्यायालयीन अर्थालाच हे आव्हान होते आणि खालच्या न्यायालयांनी त्याला स्थगिती दिली. येथेही लॅटिनो आणि भारतीय एकाच ओळीत आले; कारण तात्पुरत्या परवान्यावर काम करणाऱ्या इंजिनिअरचे मूल या हुकुमातून सुटत नव्हते. जूनमध्ये लॉस एंजलिसच्या कारखान्यांवर आणि नाक्यावरच्या मजुरांवर धाडी पडल्या, निदर्शने झाली, राज्याच्या गव्हर्नरचा विरोध डावलून राष्ट्रीय रक्षक दल आणण्यात आले. मंत्रिणीच्या पत्रकार परिषदेत प्रश्न विचारू पाहणाऱ्या सिनेटर पडिया यांना सुरक्षारक्षकांनी जमिनीवर पाडून बेड्या घातल्या. नोव्हेंबरात न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत, वर्षापूर्वी ट्रम्प यांनी जिंकलेला, मोठी लॅटिनो वस्ती असलेला पसेइक परगणा डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे परतला.

याचा अर्थ मतदार पुन्हा ‘स्वगृही’ आला असा लावणे ही जुन्याच चुकीची पुनरावृत्ती होईल. तो कोणाच्याच घरचा नाही. तो आपला हिशेब मागतो आहे. २०२२ या एका वर्षात बिनपरवाना रहिवाशांनी ९,६७० कोटी डॉलर कर भरला असा एका संशोधन संस्थेचा अंदाज आहे. पिकांच्या शेतीवर राबणाऱ्या मजुरांपैकी दहांतील चारांच्या आसपास बिनपरवाना आहेत. ब्रासेरो योजना बंद झाली, पण तिची वारस असलेली शेतमजुरांची तात्पुरती परवाना-पद्धत आज वर्षाला लाखो मजूर आणते आणि तीतही मजूर मालकाशी बांधलेलाच असतो. कर भरणारे, पीक काढणारे आणि शिरगणतीत मोजले जाणारे, पण मतपेटीपासून दूर ठेवलेले असे लोक कोट्यवधींच्या संख्येने एका लोकशाहीत कायमचे राहतात, हा केवळ त्यांच्यावरचा अन्याय नाही. शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्या नागरिक-श्रमिकाच्या मताचे मोलही त्याने घटते. कारण मालकाला त्याचे ऐकण्याची गरज उरत नाही.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील अनेक राज्यांत, नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशीयाला मताधिकार होता. १९२६ पर्यंत तो सर्वत्र काढून घेण्यात आला. म्हणजे श्रम आणि मत यांची फारकत ही काही अनादि व्यवस्था नव्हे. ती माणसांनी, कायद्याने, विशिष्ट हितसंबंधांसाठी केली आहे, आणि १९८६ मध्ये अंशतः का होईना ती सांधलीही गेली होती. लोकशाही समाजवाद्यांनी या प्रश्नाकडे पाहताना पुढच्या निवडणुकीत लॅटिनो मते कोणाला पडतील याची भाकिते करण्यात वेळ दवडू नये. विचारावयाचा प्रश्न एवढाच आहे : जो हात देशाचे अन्न वेचतो, त्या हाताला मतपत्रिका कधी मिळणार, आणि ती मिळेपर्यंत त्याच्या शेजारी संघटना म्हणून कोण उभे राहणार?